अँटेना घेण्याआधी सिग्नलचा अंदाज : सातारा-सांगलीत कोणती ऑनलाइन साधनं चालतात?

'डिजिटल एचडी अँटेना, रेंज २५० मैल, महिन्याचा खर्च शून्य.' ऑनलाइन दुकानांत अशी वस्तू पाचशे-हजार रुपयांत दिसते. सातारा-सांगलीतले वाचक विचारतात, हे घेतलं तर टीव्ही दिसेल का?

सरळ उत्तर : नाही दिसणार. अँटेना वाईट असेलच असं नाही, पण पकडायला हवेत काही असावं लागतं ना! दूरदर्शनने जमिनीवरचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मार्च २०२२ पर्यंत हे काम जवळपास संपलं. सीमाभागासारख्या मोजक्या ठिकाणचे साधारण पन्नास तेवढे ठेवले. जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण, म्हणजे डीव्हीबी-टी२, फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली दोन नावं होती, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज त्या यादीत नव्हते.

मग २५० मैलांचं काय? हा दावा घरबसल्या तपासता येतो. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर त्या मनोऱ्याचं रेडिओ-क्षितिज येतं. तुमच्या अँटेनाच्या उंचीचंही असंच काढून त्यात मिळवा. घराच्या छतावर १० मीटर उंचीला अँटेना असेल तर तिचे जेमतेम १३ किलोमीटर. १५० मीटरच्या मनोऱ्याचे ५०. बेरीज ६३. आता २५० मैल म्हणजे ४०० किलोमीटर गाठायचे तर समोरचा मनोरा किती उंच हवा? गणित केलं तर साधारण ८,९०० मीटर येतात. म्हणजे एव्हरेस्टएवढा!

परदेशी साइट इथे का चालत नाहीत

यूट्यूबवरचे अँटेनाचे व्हिडिओ बघून बरेच जण अँटेनावेब किंवा रॅबिटइअर्स उघडतात. या अमेरिकेतल्या साइट. पत्ता टाकला की कोणतं चॅनेल कोणत्या दिशेने किती जोरात येईल याचा तक्ता देतात. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूचा तपासक आहे, ऑस्ट्रेलियात मायस्विच. साताऱ्याचा ४१५००१ किंवा सांगलीचा ४१६४१६ टाकून काही मिळणार नाही, कारण या साइट दोन गोष्टींवर चालतात : त्या देशातल्या प्रत्येक ट्रान्समीटरची जागा, उंची, शक्ती यांची यादी, आणि मधल्या जमिनीचा नकाशा. पहिली गोष्ट त्या-त्या देशापुरती असते. दुसरी मात्र आपल्याकडेही फुकट उपलब्ध आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ही एसआरटीएम नावाची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटीत मिळते. हेव्हॉट्सदॅट ही साइट, रेडिओ मोबाइल आणि स्प्लॅट ही सॉफ्टवेअर अशाच माहितीवर चालतात. गूगल अर्थच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीतही दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढून उंचीचा आलेख काढता येतो.

सिंहगड ते सातारा : एक उदाहरण

सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा १९७३ पासून मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे पोचवू लागला. समजा उद्या तिथून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, तर साताऱ्यात दिसेल का? नकाशावर अंतर सुमारे ७९ किलोमीटर. सिंहगड साधारण १३०० मीटर उंच, सातारा शहर ७०० च्या आसपास. एवढी उंची म्हटल्यावर वाटतं, दिसायला काय हरकत आहे?

आता गूगल अर्थमध्ये रेघ ओढा. ती वाईच्या उत्तरेला मांढरदेवच्या डोंगरावरून जाते, सिंहगडापासून साधारण ३८ किलोमीटरवर. त्या ठिकाणी आपली सरळ रेषा १००० मीटरच्या आसपास असते आणि मांढरदेव आहे जवळपास १४०० मीटर. यात पृथ्वीच्या वक्रतेचे आणखी ९० मीटर धरायचे. (गूगल अर्थचा आलेख ही वक्रता दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. लांबच्या अंतराला त्यामुळे फसगत होते. रेडिओ मोबाइल ती धरतं, आणि हवेच्या थरांमुळे लहर किंचित वाकते म्हणून पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट मोठी मानतं.) म्हणजे डोंगर रेषेच्या जवळपास ५०० मीटर वर.

लहर डोंगराच्या कडेवरून थोडी खाली वाकते, त्यामुळे सगळा सिग्नल मरत नाही. ६०० मेगाहर्ट्झला एकच धारदार कडा धरली तर सुमारे ३० डेसिबलची घट येते, म्हणजे हजार भागांतला एक भाग पलीकडे पोचतो. अ‍ॅनालॉगच्या काळात अशा सिग्नलवर मुंग्या-मुंग्यांचं का होईना, चित्र दिसायचं आणि माणसं बांबू फिरवत बसायची. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेल तर स्वच्छ चित्र, खाली गेला की चौकोन-चौकोन आणि मग कोरा पडदा. म्हणूनच डिजिटलला अंदाज आधी काढणं जास्त गरजेचं.

शिरवळच्या बाजूला ही रांग आडवी येत नाही, तिथलं उत्तर वेगळं येईल. सांगलीचं तर विचारूच नका. कृष्णाकाठची जमीन सपाट असली तरी सिंहगड तिथून जवळपास १९० किलोमीटर आहे.

जे खरंच पकडता येतं : फ्री डिश

महिन्याचं भाडं नको असेल तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पर्याय आहे दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. उपग्रहाची जागा पक्की, तुमची जागा पक्की, त्यामुळे इथे अंदाज जवळजवळ अचूक निघतो. डिशपॉइंटरसारख्या साइटवर गाव शोधा, उपग्रह निवडा, तीन आकडे मिळतात.

सातारा शहरासाठी : उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३०.६ अंश, क्षितिजापासून वर ५९.५ अंश, एलएनबीचा तिरकेपणा सुमारे ४६ अंश. सांगलीसाठी : १३०.२, ६०.६ आणि सुमारे ४७. म्हणजे आग्नेयेकडे तोंड करून बरंच वर बघायचं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात इतका लहान आहे, की तो सोडून दिला तरी चालतं. मोबाइलचं होकायंत्र मात्र लोखंडी गजांजवळ आणि पत्र्याच्या शेडवर वाटेल ते दाखवतं, चार पावलं लांब जाऊन बघा.

दुसऱ्या आकड्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. घरगुती डिश 'ऑफसेट' प्रकारची असते. तिची एलएनबी खालच्या बाजूने पुढे आलेली असते आणि सिग्नल तिरका आत येतो. मॉडेलप्रमाणे हा फरक साधारण २५ अंश असतो. म्हणून ६० अंशांवर रोखलेली डिश डोळ्यांना ३५ अंशच वर वळलेली दिसते. मोबाइल डिशच्या पाठीला लावून ६० आकडा आणायला जाल तर उपग्रह कधीच सापडणार नाही. दांड्यावरच्या छापील खुणा वापरा, त्यात हा फरक धरलेला असतो.

एलएनबीचं म्हणाल तर डिशच्या मागे उभे राहा, तोंड उपग्रहाकडे, आणि तिला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सरळ ठेवली तर हवा तो सिग्नल निम्म्याने कमी होतो आणि नको त्या ध्रुवीकरणाचा तेवढाच आत शिरतो. साइटचा आकडा ही सुरुवात समजा. शेवटचं बारीक जुळवणं सेट टॉप बॉक्सवरच्या 'क्वालिटी'च्या पट्टीकडे बघून करा. 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी बघू नका, दुसऱ्याच उपग्रहाकडे डिश असली तरी ती भरलेली दिसू शकते.

समोरच्या इमारतीचा किंवा नारळाचा अडथळा येईल का? ६० अंशांच्या कोनात हिशेब सोपा आहे : डिशपेक्षा अडथळा जेवढा उंच, त्याच्या साधारण ०.६ पट अंतर पुरतं. १० मीटर उंच भिंतीपासून ६ मीटर. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर असलं तरी किल्ला आड येत नाही, आणि मांढरदेव तर नाहीच. माझ्या मते डोंगराळ भागात फ्री डिशचा हाच खरा फायदा आहे.

वर्षातून दोनदा हीच तपासणी कोणत्याही साइटशिवाय होते. १२-१३ मार्चला सकाळी ११ वाजून १०-१२ मिनिटांनी आणि ३० सप्टेंबरच्या आसपास १० वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास सूर्य आपल्या भागातून बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छतावर जिथे ऊन पडतं तिथे डिश चालेल, जिथे सावली आहे तिथे नाही. (याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. डिश बिघडलेली नसते, सूर्याचा रेडिओ-गोंगाट थेट तिच्यात शिरतो.)

पावसाचा हिशेब

या फ्रिक्वेन्सीला जोराचा पाऊस सिग्नल खातो आणि आपल्या दोन जिल्ह्यांत पावसाचा फरक प्रचंड आहे. महाबळेश्वर, कोयना, पाटणचा पश्चिम भाग एकीकडे, जत-आटपाडी-माण दुसरीकडे. जतला ६० सेंटिमीटरची डिश वर्षभर बिनतक्रार चालेल. महाबळेश्वर-जावळीकडे मी ९० ची घ्यायला सांगेन : क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साधारण साडेतीन डेसिबल जास्तीचे. ढगफुटीसारख्या पावसात तीही जाईल, पण रोजच्या जुलैतल्या पावसात टिकेल.

उंचीचे आलेख काढायची सवय टीव्हीपुरती नाही. गावातल्या शाळेला किंवा पतसंस्थेला शेजारच्या गावाहून वायरलेस इंटरनेट घ्यायचं असेल तर हीच रेघ ओढायची, फक्त नुसती नजर पोचून भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झला १० किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर रेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे सात मीटर, मोकळी हवी. एसआरटीएमची उंची २००० सालची आहे. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती, पवनचक्क्या आणि वाढलेली झाडं तिच्यात नाहीत, तेव्हा खांबाची उंची ठरवण्याआधी एकदा दुर्बीण घेऊन गच्चीवर जा.