पचन तंत्रातील लसीकार्बुद : निदान व अवस्थानिश्चितीचा इतिहास

लसीका ऊतकातील कोशिकांपासून उद्‌भवणारे मारक अर्बुद प्रथमतः जठर वा आतडे यांत आढळल्यास त्यास पचन तंत्रातील लसीकार्बुद म्हणतात. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथी व प्लीहा यांच्या विकाराचे वर्णन केले. परंतु आतड्यातील अर्बुद मूळचे तेथीलच की अन्य ठिकाणाहून पसरलेले, हे ठरविण्याची कसोटी डॉसन, कॉर्न्स व मॉर्सन यांनी १९६१ मध्ये दिली. त्वचेखालील व छातीतील ग्रंथी वाढलेल्या नसाव्यात, श्वेत कोशिकांची संख्या प्राकृत असावी, यकृत व प्लीहा विकारमुक्त असावीत आणि उदर उघडले असता विकृती मुख्यतः आतड्यातच दिसावी, अशी ती होती. अर्थात शस्त्रक्रियेवाचून निदान पूर्ण होत नसे. हर्शोविट्स यांच्या लवचिक अंतर्दर्शकामुळे (१९५७) पुढे जठराचा तुकडा शस्त्रक्रियेविना काढता येऊ लागला. तथापि अर्बुद श्लेष्मकलेखाली दडलेले असल्यास वरवरचा तुकडा फसवा ठरतो.

ॲन आर्बर येथील १९७१ ची अवस्था-पद्धती ग्रंथींच्या विकारासाठी होती. ती आतड्यास नीट लागू पडत नसल्याने मुसहोफ यांनी १९७७ मध्ये तीत सुधारणा केली. लुगानो येथील १९९३ च्या परिषदेत ठरलेल्या पद्धतीत पहिली अवस्था पचन तंत्रापुरती, दुसरी उदरातील ग्रंथी वा लगतच्या अवयवांपर्यंत व चौथी दूरवर पसरलेल्या विकाराची आहे. मध्यपटलावरील ग्रंथी बाधित झाल्यास विकार चौथ्या अवस्थेतच गणला जात असल्याने तिसरी अवस्था वगळलेली आहे. याच वर्षी जठरातील सौम्य प्रकाराच्या ६ पैकी ५ रुग्णांत केवळ हेलिकोबॅक्टर जंतूंच्या निर्मूलनाने अर्बुद ओसरल्याचे वदरस्पून व सहकाऱ्यांनी दाखविले.

मराठवाड्यात तपासणीची साधने उशिरा आली. नांदेड व लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. विभागातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. नांदेड येथे ते १९८८ मध्ये आणि लातूर येथे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये झाले. भारतात खरा पेच आतड्याच्या क्षयाचा आहे. पोटदुखी, ताप, वजनातील घट व लघ्वांत्राच्या शेवटच्या भागातील गाठ ही लक्षणे दोहोंत सारखीच. केवळ अनुमानाने क्षयाची औषधे चालू केल्यास लसीकार्बुदाचे मोलाचे महिने वाया जातात. उलट लसीकार्बुद समजून प्रबळ रसायने दिल्यास क्षय बळावतो. म्हणून तुकड्याचा एक भाग ऊतकपरीक्षेसाठी फॉर्मॅलिनमध्ये व दुसरा क्षयजंतूंच्या संवर्धनासाठी लवणद्रावात ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात.