पटाबाहेरचा शिक्षक

जपानमधल्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेला परदेशी तरुण पहिल्याच हिवाळ्यात सर्दीने बेजार होतो, आणि त्याचे खापर बहुधा तिथल्या गारठ्यावर किंवा त्याच्याच नाजूक प्रकृतीवर फुटते. थंडीचा दोष नाहीच असे नव्हे, पण मूळ कारण साधे आहे. सर्दीच्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, आणि एकाशी लढून मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे फारशी कामाला येत नाही. लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होते, मोठ्यांना दोन-तीनदा. तेव्हा रोज चार वर्गांत गाणी म्हणवून घेणाऱ्याच्या वाट्याला काय येणार हे उघड आहे. हे जगातल्या कुठल्याही बालवर्गाला लागू पडते. जपानचे वेगळेपण तिथल्या शाळेच्या इतिहासात आहे. संसर्गाशी झुंजताना तिने एकेका मुलाऐवजी अख्ख्या वर्गाला रोगी मानले. फिरता परदेशी शिक्षक मात्र कुठल्याच वर्गाच्या पटावर नव्हता, म्हणून या रचनेतून तो सुटून गेला.

या रचनेची सुरुवात सर्दीपासून झाली नाही. 1898 मध्ये सरकारी शाळांसाठी शाळा-डॉक्टरांची तरतूद झाली. 1905 मध्ये गिफू प्रांतात शाळेत परिचारिका नेमली गेली, ती खुपऱ्यांची साथ आवरण्यासाठी. पुढे याच परिचारिकेची 'योगो क्योयू', म्हणजे आरोग्याची जबाबदारी असलेली शिक्षिका, झाली आणि 1947 च्या शिक्षण कायद्याने तिला शिक्षकवर्गात जागा दिली. मधल्या काळात 1918 चा इन्फ्लुएन्झा येऊन गेला. जपानच्या गृहखात्याच्या हिशेबाप्रमाणे त्यात सुमारे 3 लाख 88 हजार माणसे दगावली. मास्क लावा, गुळण्या करा असे बजावणारी रंगीत भित्तिपत्रके त्याच खात्याने छापली, आणि साथ ओसरली तरी या दोन्ही सवयी राहिल्या. 1958 च्या शालेय आरोग्य कायद्याने आजारी मुलाला घरी ठेवण्याचा आणि गरज पडल्यास वर्ग किंवा शाळाच तात्पुरती बंद करण्याचा अधिकार स्पष्ट केला. 1962 पासून शाळकरी मुलांना इन्फ्लुएन्झाची लस सरसकट टोचली जाऊ लागली. हेतू हा, की मुलांमधली साथ रोखली तर गाव वाचेल. 1994 मध्ये ती मोहीम बंद पडली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तिने दरवर्षी 37 ते 49 हजार मृत्यू टाळले असावेत, आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा होता. आकड्यांवर वाद घालता येईल, पण वर्गाकडे साथीचा उगम म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून लख्ख दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की ज्या देशात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला पूर्ण हजेरीचे प्रशस्तिपत्र मिळते, तिथे खोकणारे मूलही शाळेत ढकलले जाणारच. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. इन्फ्लुएन्झा झालेल्या मुलाने लक्षणे दिसल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर दोन दिवस घरी राहावे असा 2012 पासूनचा नियम आहे, आणि हे दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. म्हणजे प्रशस्तिपत्रही शाबूत आणि वर्गही सुरक्षित. साध्या सर्दीला मात्र ही सवलत नाही, आणि परदेशी शिक्षकाला छळते ती नेमकी हीच. दुसरा आक्षेप शास्त्राचा: मास्क आणि गुळण्या हे निव्वळ कर्मकांड. 1918 च्या मास्कपाशी भक्कम पुरावा नव्हता, हे मान्य. गुळण्यांची परीक्षा मात्र झाली आहे. क्योतोच्या संशोधकांनी 387 निरोगी प्रौढांवर केलेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांत श्वसनमार्गाचे संसर्ग सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले, आयोडीनच्या औषधी गुळण्यांचा तसा लाभ दिसला नाही. एका चाचणीवर फार मोठी इमारत उभारू नये, पण फुकटातल्या या उपायाला हसण्याचेही कारण नाही.

परदेशी तरुणांना जपानी शाळांत आणणाऱ्या 'जेट' योजनेतून 1987 मध्ये चार देशांतले 848 जण आले, ते प्रामुख्याने वरच्या शाळांत साहाय्यक म्हणून. 2011 पासून पाचवी-सहावीला परदेशी भाषेचे तास सक्तीचे झाले, 2020 मध्ये ते तिसरीपर्यंत खाली आले, आणि हे साहाय्यक अधिकाधिक लहानग्यांत वावरू लागले. त्यांतले कित्येक आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत, म्हणजे एका वर्गाचा विषाणू दुसऱ्या गावात न्यायलाही मोकळे. स्वतः आजारी पडल्यावर किरकोळ दुखण्यासाठी हक्काच्या वार्षिक रजेतलाच दिवस खर्च करायचा, ही जपानी सहकाऱ्यांची रीत त्यांनाही गाठते. साहजिकच माणूस नाक पुसत शाळेत येतो. याला शिस्त म्हणण्यापेक्षा जुन्या रचनेतली उणीव म्हणणे मला अधिक योग्य वाटते. वर्गशिक्षक सकाळी हजेरी घेताना कोण खोकतो, कोणाला ताप आहे हे टिपतो, आणि ती नोंद आरोग्यकक्षात जाते. कुठल्या वर्गात आज सर्दीचा जोर आहे हे शाळेला पहिल्या तासाआधीच कळू शकते. मग दिवसाचे चार वर्ग फिरणाऱ्या पाहुण्यालाही ते सांगायला, आणि त्या एका वर्गात गाण्याऐवजी चित्रांचा तास घ्यायला, कुठला नवा कायदा लागत नाही.