बोलणाऱ्याचे तोंड

मारणाऱ्याचा हात धरवतो, पण बोलणाऱ्याचे तोंड धरवत नाही, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत आली आहेत. ज्याने हे प्रथम म्हटले, त्याने ते बहुधा कंटाळूनच म्हटले असावे. परंतु या म्हणीच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. बोलणाऱ्याचे तोंड धरवत नाही, हे खरे. पण धरता आले, तर धरावे काय? आणि धरायचे, तर कोणी? सरकारने, कोर्टाने, गावाने, की ज्याचे त्याने? एखाद्या जातीला, धर्माला किंवा वंशाला उद्देशून कोणी भर चौकात विखारी बोलू लागला, म्हणजे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. तो दारात येऊन उभा राहतो. अमेरिकेतील एका गावाच्या दारात तो १९७७ साली असाच येऊन उभा राहिला होता. त्या गावाची हकीकत आज सांगायची आहे.

गावाचे नाव स्कोकी. इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या उत्तरेला हे गाव आहे. तिकडच्या कायद्यात त्याचा दर्जा खेड्याचा; पण आपल्या हिशेबाने ते शहरच म्हणायचे, कारण त्या वेळी तेथे सुमारे ७०,००० लोक राहत होते. त्यांतले निम्म्याहून अधिक ज्यू. आता ज्यू म्हणजे कोण, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल ज्यूच. ते आपल्यात मिळून मिसळून राहिले, मराठी बोलले. युरोपातल्या त्यांच्या धर्मबंधूंचे नशीब तसे नव्हते. हिटलरच्या नाझी राजवटीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यू ठार केले. त्या कत्तलीतून जे वाचले, त्यांच्यापैकी काही हजार माणसे युद्धानंतर स्कोकीत येऊन राहिली होती. आईबापांचे थडगे कोठे आहे, हेही ज्यांना ठाऊक नाही, अशी ही माणसे. त्यांनी तेथे नव्याने संसार मांडले, मुले वाढवली, आणि आता आपल्याला कोणी त्रास देणार नाही, अशा समजुतीने ती राहू लागली.

शिकागोतच फ्रँक कोलिन नावाचा एक माणूस होता. हिटलरला मानणाऱ्या एका चिमुकल्या पक्षाचा तो पुढारी. या पक्षाचे लोक नाझी सैनिकांसारखा गणवेश घालीत आणि दंडावर नाझी चिन्हाची पट्टी बांधीत. मौज अशी, की कोलिनचे वडील स्वतः ज्यू होते आणि नाझींच्या डाखाउ येथील छळछावणीत राहून आलेले होते, हे पुढे वर्तमानपत्रांनी बाहेर काढले. पक्षाचे ठाणे शिकागोतील मार्केट पार्क या भागात होते. तेथे सभा घ्यायची तर मोठ्या रकमेचा विमा उतरवा, असे शहराने बजावले. म्हणून कोलिनने आसपासच्या गावांकडे मोर्चा वळवला. स्कोकीने त्याच्याकडे साडेतीन लाख डॉलरांचा विमा मागितला. तेव्हा त्याने जाहीर केले, की आम्ही १ मे १९७७ रोजी स्कोकीच्या गावकचेरीसमोर अर्धा तास निदर्शने करणार. माणसे किती? तीस ते पन्नास.

पन्नास माणसे आणि अर्धा तास! आपल्याकडच्या जत्रेत एवढी माणसे पाळण्याच्या रांगेत उभी असतात. म्हणूनच गावातल्या काही जाणत्या मंडळींचा पहिला सल्ला असा होता, की खिडक्या लावून घ्या, कोणी फिरकू नका, बघायला कोणी नसले म्हणजे तमाशा आपोआप संपतो. सल्ला वाईट नव्हता. परंतु छावण्यांतून वाचून आलेल्यांना तो पटेना. त्यांचे म्हणणे असे, की जर्मनीतही सुरुवातीला हे लोक मूठभरच होते, आणि तेव्हाही शहाण्यासुरत्या माणसांनी आम्हांला खिडक्या लावून घ्यायलाच सांगितले होते. आता पुन्हा आमच्या दारावरून तोच गणवेश जाणार, आणि आम्ही पुन्हा आत बसून राहायचे?

गावाने मग कायद्याचा आधार घेतला. एप्रिलच्या अखेरीस कोर्टातून मनाईहुकूम आणला. २ मे रोजी गावाच्या मंडळाने तीन पोटनियम केले. मोर्चा काढणाऱ्याने साडेतीन लाख डॉलरांचा विमा दाखवावा, हा पहिला. वंश किंवा धर्म यांवरून द्वेष पसरवणारे साहित्य वाटू नये, हा दुसरा. लष्करी थाटाचा गणवेश घालून मोर्चा काढू नये, हा तिसरा. वाचताना तीनही नियम रास्त वाटतात.

येथून पुढची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. कोलिनच्या बाजूने कोर्टात उभा राहिला तो डेव्हिड गोल्डबर्गर नावाचा वकील. आणि तो ज्यू होता. त्याला पाठवणारी संस्था म्हणजे नागरिकांच्या हक्कांसाठी १९२० पासून झगडत आलेली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन. तिचा त्या वेळचा प्रमुख आर्येह नायर. हा १९३७ साली बर्लिनमध्ये जन्मला, आणि नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी त्याच्या घरच्यांना लहानग्या आर्येहला घेऊन देश सोडावा लागला होता. नायरने पुढे या प्रकरणावर पुस्तकच लिहिले. आपल्या शत्रूची वकिली, असा त्याच्या नावाचा अर्थ. संस्थेचे हजारो सभासद रागावून सोडून गेले, वर्गणी आटली, तरी संस्था मागे हटली नाही.

असे या लोकांनी का करावे? त्यांना नाझींचा पुळका होता काय? मुळीच नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता, आणि तो समजण्यासाठी दहा-बारा वर्षे मागे गेले पाहिजे. अमेरिकेतील काळे लोक समान हक्कांसाठी मोर्चे काढीत, तेव्हा दक्षिणेतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातातले हत्यार कोणते होते? हेच. परवाना नाही, शांततेचा भंग होईल, लोकांच्या भावना भडकतील. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६३ साली बर्मिंगहॅम शहरात अटक झाली, ती मोर्चाला मनाई करणारा कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल. पुढे १९६६ च्या ऑगस्टमध्ये किंग शिकागोत मोर्चा घेऊन गेले असता त्यांच्या डोक्याला दगड लागला. तो दगड कोठे लागला असेल? त्याच मार्केट पार्कमध्ये! तेथल्या गोऱ्या रहिवाशांना काळ्यांचा मोर्चा आपल्या गल्लीतून जाणे हाच मोठा अपमान वाटत होता. ‘ज्यांच्या वस्तीतून मोर्चा जातो त्यांना राग येतो, म्हणून मोर्चा बंद’ असा कायदा त्या दिवशी असता, तर बंद झाले असते किंग. म्हणून गोल्डबर्गरचे म्हणणे असे, की आज कोलिनसाठी केलेले कुलूप उद्या किंगच्या दाराला लागेल. आणि किल्ली नेहमी ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती असते.

खटला वर्षभर या कोर्टातून त्या कोर्टात फिरला. १४ जून १९७७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितले, की बोलण्यावर बंदी घालायची तर अपिलाची सुनावणी ताबडतोब झाली पाहिजे; नाही तर बंदी तोवर थांबवा. मग इलिनॉयच्या अपील कोर्टाने मधला मार्ग काढला. मोर्चा काढा, पण नाझींचे चिन्ह लावू नका, असा तो निकाल.

या चिन्हापाशी आपण क्षणभर थांबू या. कारण ते म्हणजे स्वस्तिक. आपल्या घरी उंबरठ्यावर, दिवाळीत चोपडीच्या पहिल्या पानावर, कलशावर आपण जे मंगल म्हणून काढतो, त्याचाच आकार नाझींनी तिरपा करून झेंड्यावर घेतला. आपल्याला ते पाहून प्रसन्न वाटते. स्कोकीतल्या म्हातारीला ते पाहून तिची मारली गेलेली भावंडे आठवत. रेघा जवळजवळ त्याच, पण अर्थ रेघांत नसतो. त्या रेघांनी कोणाचे काय केले, त्या आठवणीत असतो. शब्दांचेही तसेच आहे. बोलणारा म्हणतो, ‘मी साधे नाव घेतले, त्यात एवढे लागण्यासारखे काय?’ ऐकणाऱ्याच्या पाठीवर मात्र त्या नावाबरोबर पडलेले पिढ्यांचे फटके असतात. अमेरिकेत काळ्या लोकांसाठी वापरले जाणारे शब्द एकामागून एक का टाकून दिले गेले, याचे उत्तर येथे आहे. हा नाजूकपणा नव्हे, आठवण आहे.

कोर्टालाही हे कळत होते. तरीसुद्धा १९७८ च्या जानेवारीत इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने चिन्हावरची बंदीही उठवली. फेब्रुवारीत संघराज्याच्या न्यायाधीशाने गावाचे तीनही पोटनियम रद्द केले आणि मे महिन्यात वरच्या कोर्टाने तोच निकाल कायम केला. नाझींचे विचार किळसवाणे आहेत, याबद्दल एकाही कोर्टाला शंका नव्हती. परंतु विचार किळसवाणा आहे एवढ्याच कारणाने तोंड धरायचे नाही, तेथल्या तेथे मारामारीला चिथावणी असेल तरच धरायचे, असा त्यांचा नियम. ऑक्टोबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात शिरायचे नाकारले, तेव्हा दोन न्यायमूर्तींनी मात्र, हा प्रश्न ऐकायला हवा होता, अशी नोंद केली.

आणि मोर्चा? तो निघालाच नाही. शिकागोत सभा घेण्याची परवानगी मिळताच कोलिनने स्कोकीचा बेत सोडून दिला. जूनमध्ये त्याने शहरात सभा घेतली आणि ९ जुलै १९७८ रोजी मार्केट पार्कमध्ये घेतली. विरोध करणारे त्याच्या माणसांहून कितीतरी जास्त होते.

आता, श्रोतेहो, कोर्टाचा निकाल बरोबर होता की चूक? दुसऱ्या देशांनी वेगळे उत्तर दिले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जर्मनी एकदा पोळला आहे. तेथे नाझी चिन्ह मिरवणे हा गुन्हा आहे, आणि लोकांच्या एखाद्या गटाविरुद्ध द्वेष चेतवणे हाही गुन्हा आहे. आपल्या देशाचे उत्तर या दोहोंच्या मधले आहे. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमात भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात त्याचे कुंपणही आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली रद्द ठरवली. लगेच १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती होऊन ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण कुंपणात घातले गेले. मात्र निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, हा शब्दही तेव्हाच आला. समाजासमाजांत वैर पेटवणाऱ्या बोलण्याला शिक्षा देणारे कलम त्याहून जुने, १८९८ चे, म्हणजे टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यानंतरच्या वर्षाचे. ते आता भारतीय न्याय संहितेत १९६ व्या कलमात आहे. कायदा परक्या सरकारने केला, म्हणून तो वाईट असे नव्हे. पण तोंड धरण्याचा अधिकार सत्तेच्या हाती गेला म्हणजे तो टिळकांच्या तोंडावरही चालतो, एवढे त्यातून शिकावे.

दुसऱ्या बाजूने हेही तितकेच खरे, की आपल्याकडे अस्पृश्यतेची जखम कायद्यावाचून भरली नसती. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातीवरून हिणवणे हा गुन्हा ठरवला. त्यामुळे दलिताला अमुक बोलू नका असे हात जोडून विनवावे लागत नाही. ते बोलणे गुन्हा आहे, असे तो मान वर करून सांगू शकतो. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. पाटी बदलल्याने मन बदलते काय? लगेच नाही. पण शाळेच्या दाखल्यावर, टपालावर, एसटीच्या थांब्यावर रोज जो अपमान लिहिला जात होता, तो लिहायचा थांबतो. आणि हे काही थोडे नाही.

म्हणजे कुंपणे दोन आहेत. एक कायद्याचे, आणि ते जपून घालावे लागते, कारण ते घालणारा हात बदलत असतो. दुसरे माणुसकीचे. कायद्याने जे बोलता येते ते सगळे बोललेच पाहिजे, असे कोठे आहे? कोलिनला बोलण्याचा हक्क मिळाला; मान मिळाला नाही. हक्क कोर्ट देते, मान लोक देतात, आणि तो द्यायचा की नाही हे लोकांच्या हाती असते.

स्कोकीच्या लोकांनी शेवटी काय केले, ते शिक्षकमंडळींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. खटला हरल्यावर ते गप्प बसले नाहीत. जी माणसे तीस-पस्तीस वर्षे आपल्या मुलांशीही या विषयावर बोलली नव्हती, ती शाळांतून जाऊन बोलू लागली. १९८१ मध्ये त्यांनी स्मारकासाठी संस्था काढली, मग छोटेसे संग्रहालय उभे केले. त्यांच्या प्रयत्नाने १९९० साली इलिनॉय राज्यात असा कायदा झाला, की ज्यूंच्या संहाराचा इतिहास प्रत्येक सरकारी शाळेत शिकवलाच पाहिजे. असा कायदा करणारे अमेरिकेतील ते पहिले राज्य. २००९ साली स्कोकीतच मोठे संग्रहालय उघडले.

वर्गात एक मुलगा दुसऱ्याला जातीवरून काही बोलला, तर गुरुजींपुढे प्रश्न तोच असतो. छडी उगारली, तर तो मुलगा वर्गात गप्प बसतो आणि शाळेबाहेर तेच बोलतो. काहीच केले नाही, तर ज्याला ते लागले तो समजतो, की गुरुजींनाही ते मान्य आहे. पहिल्यांदा ज्याला लागले त्याच्या बाजूने उभे राहावे, सर्वांदेखत. मग बोलणाऱ्याला जवळ बसवून सांगावे, की हा शब्द कोठून आला, तो कोणाकोणाला ऐकवला गेला, आणि तो ऐकणाऱ्यांना त्या काळी कोणत्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. हे सांगायला वेळ लागतो. पण एकदा कळलेला शब्द मुलगा पुन्हा सहजासहजी तोंडातून काढीत नाही. आणि त्यासाठी त्याचे तोंड कोणाला धरावे लागत नाही.