भोंगा थांबल्यानंतर



संयम हा ज्याच्या त्याच्या मनोबलाचा प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. ऑस्ट्रिया देशातील एका गिरणीवस्तीचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

व्हिएन्ना शहराजवळची मारीएनताल ही वस्ती. तेथील ४७८ कुटुंबे एका कापडगिरणीच्या आधाराने जगत असत. १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह या बेकार गावाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९३३ साली निघाला.

रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणूस वाचील, शिकेल, चळवळीत पडेल, असे आपणास वाटते. तेथे उलटे घडले. कामगारांच्या वाचनालयाने शुल्क माफ केले, तरी दोन वर्षांत वाचावयास नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. संशोधकांनी लोकांची चालसुद्धा मोजली. पुरुष थांबत, रेंगाळत चालत. बायका त्यांच्याहून वेगाने जात. गिरणी थांबली होती, चूल थांबली नव्हती! दिवसभर काय केले, असे विचारता पुरुषांना तासांचा हिशेब देता येईना.

भत्त्यावर जगणाऱ्या या लोकांपैकी काहींनी बटाटे लावायच्या जागी फुले लावली. पन्नाशीच्या एका बाईने केस कुरळे करण्याचा चिमटा हप्त्याने घेतला. आपण याला उधळपट्टी म्हणू. मला वाटते, पोटापलीकडे आपले काही शिल्लक आहे, हे स्वतःस पटवण्याची ती धडपड होती.

याहोडाबाईंनी १९८२ साली दुसऱ्या ग्रंथात याचा उलगडा केला. नोकरी पगार देतेच. शिवाय दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसे, सामाईक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नित्याचा उद्योग हेही तिच्यातून न मागता मिळते. हे सारे एकदम गेले, म्हणजे एकट्या मनाने आवर तरी कशाच्या आधाराने घालावा?

त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत माझे वडील होते. त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. काही महिने पहिल्या पाळीच्या वेळेस त्यांना आपोआप जाग येई. पुढे ती येईनाशी झाली आणि दारू आली. "बाबा, मनाला आवर घाला," असे मी पोरसवदा वयात त्यांना सुनावीत असे. ते खाली पाहत. शाळा अर्धवट सुटलेल्या माझ्या हाती हा ग्रंथ फार उशिरा पडला. तोवर वडील राहिले नव्हते.

संघटनेत आम्हीही वर्षानुवर्षे नुकसानभरपाईचेच आकडे मांडले. आता कामावरून कमी केलेल्या माणसाला मी रोज सकाळी दहाला कचेरीत बोलावतो. कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाच्या सोबतीने न्यायालयात जायचे, हे त्याला नेमून देतो. सगळेच सावरतात असे नाही. पण एखादा एक दिवस आला नाही, तर बाकीचे त्याच्या घरी चौकशीला जातात. आपल्या गल्लीत असा कोणी बसून असेल, तर उपदेश करण्यापूर्वी त्याला उद्याची एखादी वेळ आणि एखादे काम सांगून पाहा.