खाणीत उतरलेल्या आज्या-पणज्या

आपल्या ज्ञातीच्या वंशावळींत कोळशाच्या खाणींवर राबलेल्या पुरुषांची नावे क्वचित आढळतात; स्त्रियांची मुळीच नाहीत. ही उणीव आम्हांला फार दिवस बोचत आहे.

वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर आणि छिंदवाड्याकडील पेंच खोरे ही मध्यप्रांतातील कोळशाची मुख्य ठाणी राहिली. तेथे भूगर्भात पुष्कळदा जोडप्याने काम होई. पती कोळसा फोडी. पत्नी तो टोपलीत भरून डोक्यावरून टबापर्यंत नेई. मजुरी भरलेल्या टबावर मिळे, त्यामुळे तिचे श्रम पतीच्या कमाईतच मिसळून जात. तान्हे मूल सोपवावयास घरी कोणी नसले, म्हणजे तेही बरोबर खाली जाई. उघड्या ज्योतीचा दिवा, पायाखाली पाणी, छातीत धूळ. छप्पर तोलण्यासाठी कोळशाचेच खांब राखीत. पुढे तेही काढून घेत, आणि छप्पर कोसळण्याचे भय तेव्हाच सर्वांत अधिक असे. लाकडी टेकू कुरकुरू लागला, की जाणती माणसे हातचे टाकून मागे पळत. टोपली डोक्यावर असलेलीला ते किती जमत असेल, याची कल्पनाच करावी.

१९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाली नेण्यास मनाई झाली. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांची संख्या क्रमाने घटवीत नेली आणि १९३७ साली पूर्ण बंदी आली. ती इष्टच होती. परंतु दोघांच्या हातांनी चालणाऱ्या संसारातील दोन हात बसले, हेही खरे.

पुढे महायुद्धात कोळशाची टंचाई पडताच १९४३ साली सरकारने हीच बंदी उठविली, आणि तीही प्रथम मध्यप्रांतात! मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या डिसेंबरात ते धनबादकडील खाणीत स्वतः उतरले; १९४४ साली खाणकामगारांसाठी कल्याणनिधी निघाला. बंदी पुन्हा लागू झाली ती १ फेब्रुवारी १९४६ पासून. युद्धाची निकड असता स्त्रीच्या प्रकृतीची काळजी बाजूस ठेवता आली, हे आम्हांला विसरवत नाही.

पुरुषांच्या वाट्याचे संकट तसेच राहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. १९७३ पर्यंत कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. २०१९ पासून स्त्रियांना तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी पुन्हा खाली उतरण्याची मुभा मिळाली आहे.

ज्या घरी अशा आजी-पणजीची आठवण अद्याप शिल्लक असेल, त्यांनी तिचे नाव, माहेर व खाणीचे ठिकाण एवढे तरी लिहून संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावे. पुढील स्मरणिकेत ती नावे छापण्याचा आमचा मानस आहे.