चहाच्या रंगाची नदी

न्यू जर्सीत वर्षानुवर्षं राहूनही आपल्यापैकी बऱ्याच जणांना राज्याचा दक्षिण भाग म्हणजे अटलांटिक सिटीला जाताना गाडीतून दिसणारी पाइनची झाडं, एवढाच माहीत असतो. त्या झाडांआड बॅट्स्टो नावाची नदी आहे. उन्हाळ्यात वाटाड्या बरोबर घेऊन तिथे दिवसभराची कनूची सहल करता येते. क्वेकर ब्रिजपाशी पाण्यात उतरायचं आणि रमतगमत बॅट्स्टो गावापर्यंत यायचं. प्रवाह संथ, त्यामुळे कधी वल्हं हातात न धरलेल्यालाही जमतं. वळणं मात्र इतकी की पुढे बसलेल्याचं आणि मागे बसलेल्याचं एकमत लागतं. नवरा-बायकोने एकाच कनूत बसावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पाणी पाहिलं की पहिल्यांदा वाटतं, हे घाण आहे. रंग अगदी कोऱ्या चहासारखा. पण ते घाण नाही. काठावरच्या सीडरच्या आणि इतर झाडाझुडपांतून उतरणारं टॅनिन आणि वाळूतलं लोह यांचा तो रंग. याच लोहाने या नदीचा इतिहास घडवला. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यातलं लोह हवा लागली की गंजून काठाच्या दलदलीत थरांनी साचतं. ते खणायचं, पाइनच्या कोळशावर वितळवायचं, मिश्रणात शिंपले टाकायचे. १७६६ साली चार्ल्स रीडने बॅट्स्टोला अशी भट्टी उभारली. स्वातंत्र्ययुद्धात इथलं लोखंड वॉशिंग्टनच्या सैन्याला जात होतं, म्हणून इथल्या कामगारांना लष्करी सेवेतून सूट होती. १७७८ मध्ये इंग्रजांची तुकडी खाडीतून या बाजूला निघालीही होती, पण भट्टीपर्यंत पोचली नाही. पुढे पेनसिल्व्हेनियात दगडी कोळशावर स्वस्त लोखंड तयार होऊ लागलं आणि इथला धंदा बसला.

१८७६ साली जोसेफ व्हार्टनने हे गाव विकत घेतलं. हो, तोच. ज्याच्या नावाच्या बिझनेस स्कूलचा दाखला आम्हा एमबीएवाल्यांना वर्गात सतत ऐकावा लागतो, तो. त्याला लोखंड नको होतं, पाणी हवं होतं. फिलाडेल्फियाचं पिण्याचं पाणी तेव्हा गढूळ आणि रोगट होतं. इथल्या नद्या अडवून ते पाणी तिकडे विकायचं, असा त्याचा बेत. त्यासाठी त्याने आजूबाजूची जमीन घेत घेत लाखभर एकरांच्या आसपास मजल मारली. १८८४ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळाने राज्याचं पाणी बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि बेत फसला. मला यात गंमत वाटते ती अशी, की एका व्यापाऱ्याच्या हावेपोटी हे रान एकसंध राहिलं. तुकडे पाडून विकलं असतं, तर आज तिथे काय असतं? १९१५ मध्ये ते सरकारने घ्यावं की नाही यावर मतदान झालं आणि लोकांनी नकार दिला. अखेर पन्नाशीच्या दशकात राज्याने ते घेतलं.

तरी संकट टळलं नव्हतं. साठच्या दशकात याच पाइनच्या रानात स्वनातीत विमानांसाठी अवाढव्य विमानतळ आणि शेजारी नवं शहर वसवण्याची योजना होती. १९७८ साली केंद्राने हा देशातला पहिला राष्ट्रीय राखीव प्रदेश ठरवला आणि पुढच्या वर्षी राज्याचा कायदा आला. राखायचं होतं ते मुख्यतः खालचं पाणी. इथल्या वाळूत सुमारे १७ लाख कोटी गॅलन पाणी साठलेलं आहे. ते उथळ आहे, म्हणून वर सांडलेलं सगळं झिरपून त्यातच जातं.

या सगळ्यांच्या आधीचे मालक लेनापे. १७५८ मध्ये त्यांना याच भागात ब्रदर्टन नावाची राखीव जमीन मिळाली. १८०१-०२ च्या सुमारास तीही विकून ते न्यूयॉर्ककडे निघून गेले. पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क आपण विकलेलाच नाही, हे ते विसरले नव्हते. १८३२ साली प्रिन्स्टनमध्ये शिकलेले त्यांच्यातले एक वृद्ध, बार्थोलोम्यू कॅल्विन, ही मागणी घेऊन ट्रेंटनला विधिमंडळापुढे आले. विधिमंडळाने मागणी मान्य केली आणि दोन हजार डॉलर दिले.