रावसाहेब मंडलिकांचा मुरुडचा कागद

मुरूड म्हटले की आमच्या धरमतरच्या बाजूस जंजिऱ्याचेच मुरूड डोळ्यांपुढे येते. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३-१८८९) यांचे मुरूड ते नव्हे. ते दापोली तालुक्यातले, पुढे महर्षी कर्व्यांमुळे प्रसिद्धीस आलेले. हायकोर्टाचे वकील, १८६४ साली निघालेल्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्राचे संस्थापक, मुंबईच्या आणि १८८४ पासून गव्हर्नर जनरलच्याही कायदेकौन्सिलाचे सभासद, अशी त्यांची ख्याती. ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांची १८८० त निघालेली त्यांची इंग्रजी भाषांतरे वकीलमंडळींस पुष्कळ वर्षे उपयोगी पडली. आम्हांस मात्र त्यांचा एक लहानसा निबंधच अधिक मोलाचा वाटतो.

१८६५ च्या सुमारास एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी आपल्या गावचा एक जुना कागद ठेवला. त्यात ना राजा, ना लढाई. दक्षिण कोकणात एक नवे गाव कसे वसले, एवढीच हकीकत. इतिहास म्हणजे बखर, ही समजूत तेव्हा रूढ होती. राजवाडे त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचे मूल होते आणि त्यांचा पहिला खंड निघावयास १८९८ साल उजाडावे लागले! गावच्या दप्तरातही इतिहास असतो, हे मंडलिकांनी इतक्या आधी ओळखले.

पण हा डोळा वकिलाचा होता, हेही विसरता येत नाही. गाव प्रथम कोणी वसविले, या प्रश्नाच्या पोटात जमीन कोणाची, हा दुसरा प्रश्न असतोच. मंडलिक स्वतः खोतांच्या वर्गातले. १८८० च्या खोती कायद्याच्या वेळी ते खोतांच्या हक्कांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत होता; परंतु असे कागद ज्यांच्या घरी जपले जात, त्यांचीच साक्ष त्यांत उतरे. नांगर धरणाऱ्या कुळांपाशी दप्तर कोठले?

त्यांनी आपली बाजू मांडली ती निराळ्या रीतीने, आणि तीही आमच्या खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी गावी. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तेथील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. पोटास चिमटा घेऊन त्यांनी हा संप १९३९ पर्यंत चालविला. मध्यंतरी, १९३७ साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले. आणि ज्या खोतीसाठी मंडलिकांनी कौन्सिलात वाद घातला होता, ती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला.